प्रकाशाची मात्रा

पोवळं म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती अंगठी. नवरत्नांमध्ये पोवळ्याला जागा आहे, मंगळाचा खडा म्हणून ते बोटात येतं. कुराणातल्या सूरह रहमानमध्येही मोत्याच्या जोडीनं पोवळ्याचा, म्हणजे 'मरजान'चा, उल्लेख आहे. तेव्हा पोवळं सगळ्यांच्याच ओळखीचं. पण अंगठीतलं हे लाल पोवळं आणि समुद्रात ज्याचे खडक उभे राहतात ते प्रवाळ, ही दोन्ही एका गोतातली असली तरी त्यांचा स्वभाव निराळा. लाल पोवळं भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत, खोल पाण्यात वाढतं. त्याला उजेड लागत नाही. खडक बांधणारं प्रवाळ मात्र उजेडावर जगतं. उजेड कमी पडला तर ते उपाशी राहतं आणि जास्त झाला तर होरपळतं.

आज मला बोलायचं आहे ते या उजेडाबद्दल, आणि घरात ठेवलेल्या एका लहानशा समुद्राबद्दल. २०१९ सालापासून रत्नागिरीतल्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तिच्यात दोन मासे आहेत, काही गोगलगायी आहेत, आणि फुलांसारखे दिसणारे पण फुलं नसलेले पाच-सहा प्रकारचे जीव आहेत. मी माणूस कवितेचा. बीएला मराठी घेतलं, शास्त्राशी संबंध दहावीतच संपला. पण कवितेनं एक सवय लावली होती, मात्रा मोजायची. वैद्याच्या औषधालाही आपण मात्रा म्हणतो आणि वृत्ताच्या मापालाही. टाकीतल्या उजेडाला हाच शब्द बसतो, हे मला हळूहळू उमगत गेलं.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते पाहू. दिसायला झाड, हाताला दगड, पण असतो तो प्राणी. एक इवलीशी पिशवी, तिला वरच्या बाजूला तोंड आणि तोंडाभोवती मऊ बोटांची झालर. याला पॉलिप म्हणतात. असे हजारो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात. दगडी प्रवाळाचे पॉलिप समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपल्या बुडाशी घर बांधतात, पिढ्यान् पिढ्या बांधत राहतात, आणि त्यातून प्रवाळांचे खडक तयार होतात. या पॉलिपच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांहूनही जास्त पेशी. शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून येऊ शकते. बदल्यात शेवाळाला आसरा मिळतो आणि पॉलिपच्या मलमूत्रातलं खत मिळतं. प्रवाळाचे बरेचसे रंगही या भाडेकरूचेच. म्हणजे टाकीवर दिवा लावायचा तो मासे छान दिसावेत म्हणून नाही. तिथे दिवा म्हणजे अन्न आहे. आपण ताटात वाढतो तसा तो वाढायचा आहे, आणि ताटात किती वाढावं याला माप असतं.

टाकी उभी करण्याच्या कामात उजेडाचा नंबर शेवटचा. पहिला नंबर पाण्याचा. आमच्या ओळखीचे मिरकरवाड्याचे एक बुजुर्ग नाखवा आहेत. टाकी पाहायला आले आणि मला म्हणाले, "अरे, दर्या दाराशी, आणि तू मीठ विकत आणून पाणी खारं करतोस?" मी म्हटलं, "चाचा, दाराशी आहे तो दर्या पावसाळ्यात किती गोडा होतो ते तुम्हालाच जास्त ठाऊक." ते हसले. खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात गढूळ गोडं पाणी येतं, बंदरात डिझेलचा तवंग असतो. शंभर लिटर पाण्याच्या टाकीत असा एक डबा ओतला तर सगळा हिशेब बिघडतो. म्हणून आरओचं, क्षार काढून टाकलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात खास समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठ घालायचं. घरातलं खायचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर अनेक क्षार असतात. शंभर लिटरला साडेतीन किलोंच्या आसपास मीठ लागतं. पाण्याची घनता १.०२५ च्या जवळ आली की समुद्र जमला असं समजायचं.

पाणी उडून जातं, मीठ मात्र उडत नाही. त्यामुळे रोज जेवढी पातळी उतरेल तेवढं गोडंच पाणी घालायचं. खारं घातलं तर टाकी दिवसागणिक खारट होत जाते. हा नियम आमच्या घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मी गावाला गेलो तर बायको न चुकता खुणेपर्यंत पाणी भरते, आणि फोनवर सांगते, "तुमच्या समुद्राला पाणी पाजलं."

मग खडक, वाळू आणि पाणी हलवत ठेवणारे छोटे पंप. प्रवाळ जागचं हलत नाही, म्हणून पाण्यानंच त्याच्याकडे जायला हवं. टाकीत जेवढं पाणी आहे त्याच्या दहा-वीस पट पाणी तासाभरात इकडून तिकडे फिरलं पाहिजे. हे सगळं मांडून झालं की दीड महिना हात बांधून बसायचं. या दीड महिन्यात खडकांवर न दिसणारे जिवाणू वस्तीला येतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी तयार होण्याआधी टाकीत जीव सोडणं म्हणजे चूल पेटण्याआधी पाहुण्यांना पंगतीला बसवणं. दुकानदार घाई करतात. आपण करायची नाही.

आता दिव्याकडे येऊ.

सूर्यप्रकाश आपल्याला पांढरा दिसतो, पण पाणी त्यातला एकेक रंग गाळत जातं. सर्वांत आधी लाल जातो. दहा मीटर खोलीवर तो जवळजवळ संपलेला असतो. मग नारिंगी, मग पिवळा. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल पोचतो तो निळा. प्रवाळातलं शेवाळ कोट्यवधी वर्षं या निळ्या उजेडातच जगत आलं, म्हणून निळा उजेड पकडण्यात ते पटाईत आहे. आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातच याचा दाखला आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, आणि तरीही तिथे प्रवाळांची वस्ती आहे. कारण किनाऱ्यापासून इतक्या दूर पाणी नितळ आहे आणि निळा उजेड तिथवर पोचतो. मालवणच्या किनाऱ्यालगत पाणी गढूळ, म्हणून तिथलं प्रवाळ उथळ पाण्यात राहतं.

टाकीवर हा निळा उजेड आणायचा कसा, हे पूर्वी मोठं कोडं होतं. मेटल हॅलाइडचे दीडशे-अडीचशे वॉटचे दिवे लावत, सोबत निळसर नळ्या लावत. वीज भरमसाट, आणि टाकी तापून जाई. मग निळा एलईडी आला. ज्या तीन शास्त्रज्ञांनी तो शक्य केला, त्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातले पांढरे एलईडी बल्बही बहुतेक करून निळ्या एलईडीवर पिवळसर लेप देऊन केलेले असतात. म्हणजे तुम्ही आत्ता ज्या दिव्याखाली बसून मला ऐकत असाल, त्याच्या पोटात बहुधा तोच निळा उजेड आहे. माझ्या टाकीवरचा दिवा दोन भागांचा आहे, निळे एलईडी जास्त आणि पांढरे कमी. दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. तो टाकीपेक्षा महाग पडला, आणि तसाच पडायला हवा. पैसे वाचवायचे तर नक्षीच्या स्टँडवर वाचवावेत, दिव्यावर नाही.

उजेड मोजण्याचं एकक वेगळं आहे. आपल्या डोळ्याला किती लख्ख दिसतं याला इथे किंमत नाही. शेवाळाला उपयोगी पडणारे किती कण एका सेकंदात एका चौरस मीटरवर पडतात, ते मोजायचं. याला पार म्हणतात. भर दुपारी उघड्यावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. टाकीत ठेवतात त्या मऊ जातींना, मशरूमसारख्या पॉलिपना, पन्नास ते दीडशे पुरतात. दगडी प्रवाळाच्या काही फांद्यांच्या जातींना दोनशे-तीनशेच्या वर लागतात. मोजायचं यंत्र महाग असतं. मी ते एका हौशी मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलं आणि टाकीच्या प्रत्येक कोपऱ्यातला आकडा कागदावर लिहून ठेवला. वरच्या दगडावर १४०, मधल्या कपारीत ८०, वाळूवर ५०. मग ज्याला जेवढं हवं त्याला तिथे बसवलं. ही आसनव्यवस्था एकदा नीट केली की अर्धं काम झालं.

यंत्र नसलं तरी हे जीव स्वतः सांगतात. उजेड कमी पडला की मशरूमचं खोड लांबतं आणि ते दिव्याकडे ताणलं जातं. खिडकीकडे झुकलेल्या रोपासारखं. जास्त झाला की ते आखडतं, कडा आत वळवतं, रंग फिका पडतो. रोज सकाळी पाच मिनिटं बघत बसलं की ही भाषा कळायला लागते.

नवीन दिवा पहिल्या दिवशी पूर्ण लावायचा नाही. मी तीस टक्क्यांपासून सुरुवात केली, दर आठवड्याला पाच टक्के वाढवत सहा आठवड्यांत साठवर आलो आणि तिथेच थांबलो. वेळही ठरलेली. दुपारी बाराला निळा दिवा मंद लागतो, दोनपासून सातपर्यंत पूर्ण उजेड, मग पुन्हा निळा मंद होत नऊला अंधार. हे सगळं टायमरवर चालतं, कारण माणसाच्या आठवणीवर समुद्र चालवता येत नाही. पाहुणे आले म्हणून रात्री अकराला दिवा लावायचा नाही. अंधार हीसुद्धा मात्रेतलीच गोष्ट आहे. रात्री शेवाळ काम थांबवतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, आणि दिवसा मिटून राहणारे काही पॉलिप हात बाहेर काढून खायला बघतात.

टाकी खिडकीत ठेवून फुकटचा सूर्यप्रकाश द्यावा, असंही काही जण सुचवतात. कोकणातल्या उन्हात शंभर लिटर पाणी दुपारपर्यंत गरम होतं आणि काचेवर हिरवं शेवाळ माजतं. तेव्हा टाकी खिडकीपासून दूर, भिंतीलगत, आणि दीडशे किलोंहून अधिक वजन पेलेल अशा स्टँडवर. विजेच्या तारांना प्लगच्या खाली झोळ द्यायचा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळातूनच खाली पडतं. ईएलसीबी बसवायचा. खारं पाणी आणि वीज यांच्यात मैत्री होत नाही.

निळ्या दिव्याखाली आणखी एक गंमत दिसते. संध्याकाळी पांढरा उजेड गेला आणि फक्त निळा उरला की काही पॉलिप स्वतःच पेटल्यासारखे दिसतात, हिरवे, केशरी, लाल. त्यांच्या अंगातली प्रथिनं निळा उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत देतात. मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली अशी प्रथिनं टाकीतल्या प्रवाळवर्गीय जिवांमधून वेगळी केल्याचं जाहीर केलं. त्यातलं लाल प्रथिन होतं ते डिस्कोसोमा नावाच्या मशरूम पॉलिपचं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींना खूण करायला ते वापरतात. माझ्या टाकीत वाळूवर बसलेलं लाल मशरूम त्याच जातकुळीचं. पण एक सांगून ठेवतो. दुकानांच्या जाहिरातींतले झगझगीत फोटो याच निळ्या उजेडात काढलेले असतात. घरी आणून पांढऱ्या उजेडात पाहिलं की तोच जीव तपकिरी निघतो. त्यात फसवणूक त्या जिवाची नसते.

आता मुद्द्याची गोष्ट. टाकीत ठेवायचं काय?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ सालापासून सगळी दगडी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रघोडेही संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूची नव्यानं लावल्या गेल्या, तरी दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीतच राहिलं. त्याची शिकार किंवा व्यापार केला तर किमान तीन वर्षांची कैद आहे. मेलेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीजवळच्या खडकांवर प्रवाळांच्या अठरा लहान वसाहती सापडल्या, तेव्हा वन खात्याची परवानगी घेऊन २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या दुसरीकडे हलवल्या. हाजीअलीच्या दर्ग्यात जाताना आपण ज्या काळ्या खडकांकडे नुसतं बघतो, त्यांच्यावर इतकं मोलाचं काही चिकटलेलं असेल असं कुणाच्या मनात येतं?

आणि तरीही हे विकलं जातं. एका शहरातल्या दुकानात, नाव घेत नाही, मालकानं मला आत नेलं आणि झाकलेल्या टाकीवरचा कपडा बाजूला केला. आत फांद्यांचं दगडी प्रवाळ होतं, टोकांना जांभळी झाक. खोटं कशाला बोलू, ते फार सुंदर होतं. तो म्हणाला, "साहेब, बाहेरच्या देशातलं आहे, काही होत नाही." बाहेरच्या देशातलं असो की मन्नारच्या आखातातलं, बुडाशी छिन्नीचा ताजा घाव दिसत होता. मी घेतलं नाही. माझ्या टाकीतले मशरूम आणि झोअँथिड दगडी प्रवाळांच्या गटात येत नाहीत, त्यांना चुन्याचा सांगाडाच नसतो. आणि दुसऱ्या हौशी माणसांच्या टाकीत वाढलेल्या वसाहतींचे ते फुटवे आहेत. खडक समुद्रातला नाही, सिरॅमिकचा आहे. काही घेण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियमही २०२४ साली आले आहेत. झोअँथिड हाताळताना हातमोजे घालावेत, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू किंवा घासू नये. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं.

मासेही समुद्रातून पकडलेले नकोत. माझ्याकडची क्लाउनफिशची जोडी प्रजननगृहात जन्मलेली आहे. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं या माशांची पैदास करण्याचं तंत्र बसवलं आहे. हे मासे जन्मतात ते नर म्हणून. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. आमच्या लेकीला शाळेत असताना ही माहिती भारी आवडायची, आणि ती पाहुण्यांना मुद्दाम सांगायची.

या छंदाला एक जुना डागही आहे, तो सांगितला पाहिजे. इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाच्या निसर्गअभ्यासकानं १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक लिहिलं आणि घरोघर समुद्री टाक्यांचं वेड पसरलं. गॉस हा समुद्रावर जीव असलेला माणूस. पण त्याचं वाचून माणसं टोपल्या घेऊन किनाऱ्यावर धावली आणि खडकांमधली डबकी त्यांनी रिकामी केली. त्याचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. प्रेमानंही समुद्र रिकामा होतो. आपला मालवणचा सागरी अभयारण्याचा पट्टा १९८७ साली जाहीर झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा. तिथेही समुद्र आवडतो म्हणूनच माणसं येतात, आणि त्यांच्या पायाखाली, होड्यांच्या नांगराखाली प्रवाळ मोडतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा आमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. त्या दोन दिवसांत एक गोष्ट पक्की समजली. दोन दिवसांच्या अंधारानं या जिवांचं फारसं बिघडत नाही. समुद्रावरही पावसाळी आभाळ असतंच. पण पाणी दोन-चार तास स्थिर राहिलं तर प्राणवायू संपतो. बॅटरीवरचा हवेचा छोटा पंप चालू होता, आणि आम्ही तिघं पाळीपाळीनं मगानं पाणी उपसून वरून ओतत होतो. सगळे वाचले.

खरी परीक्षा झाली २०२४ च्या उन्हाळ्यात. टाकीचं पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर असावं लागतं. एप्रिलमध्ये ते तीस ओलांडून गेलं. पाण्यावर पंखा लावला की माठासारखं पाणी उडून थंड होतं, पण कोकणच्या दमट हवेत पाणी उडायलाही तयार नसतं. मशरूम फिकट पडू लागले. पाणी तापलं की पॉलिपच्या अंगातलं शेवाळ बिघडतं, उजेड पचवू शकत नाही, त्यातून घातक द्रव्यं तयार होतात आणि पॉलिप त्या शेवाळाला बाहेर काढून टाकतो. रंग जातो, अन्नही जातं. याला विरंजन म्हणतात. ते प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपासमार सुरू झालेली असते. अशा वेळी उष्णता कमी करता येत नसेल तर निदान उजेड कमी करायचा, कारण दोन्ही मिळून मारतात. मी दिवा साठ टक्क्यांवरून पंचवीसवर आणला, पांढरे एलईडी बंदच केले, बर्फाच्या बंद बाटल्या आलटून पालटून पाण्यात सोडल्या. पावसाळा लागला आणि पाणी उतरलं. मशरूमचा रंग परत यायला दिवाळी उजाडली.

त्याच एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरच्या प्रवाळांचं विरंजन सुरू आहे आणि नोंदल्या गेलेल्या इतिहासातली ही चौथी वेळ आहे. आधीच्या तीन वेळा १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७. लक्षद्वीपमध्येही प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडल्याचं मे महिन्यात कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं कळवलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश जास्त, आणि तेही महिनाभर, एवढं प्रवाळांना पुरतं. एक अंश! आपण पंख्याचा वेग एकनं वाढवतो तेवढीच ती गोष्ट.

संध्याकाळी लेक टाकीसमोर बसली होती. बातमी तिनंही वाचली होती. म्हणाली, "अब्बा, आपण दिवा कमी केला. समुद्राचा कोण करणार?" मी तिला सांगितलं की ऑस्ट्रेलियात २०२० पासून तेही करून बघतायत. समुद्राच्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडवून वरचे ढग जास्त उजळ करायचे, म्हणजे ऊन परत फिरेल आणि ग्रेट बॅरियर रीफवर थोडी सावली पडेल. ती म्हणाली, "म्हणजे बर्फाच्या बाटल्याच." तिचं बरोबर होतं. बाटल्यांनी आमचा एप्रिल निभावला, पण आम्हाला पावसाळ्याची खात्री होती. जो समुद्र वर्षानुवर्षं थोडा थोडा तापत चालला आहे त्याला कुठल्या पावसाळ्याची वाट बघायची? तिथे उष्णताच कमी करावी लागेल, आणि ती आपल्या सगळ्यांच्या धुरातून आलेली आहे.

मग ही टाकी ठेवावी का? माझं उत्तर असं. ज्याला रोज पाच मिनिटं बघायला आणि दहा मिनिटं काम करायला सवड आहे, दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायची तयारी आहे, आणि जे समुद्रातून ओरबाडलेलं आहे ते नाकारायची ताकद आहे, त्यानं जरूर ठेवावी. नुसती दिवाणखान्याची शोभा हवी असेल तर चित्र लावावं. ते स्वस्त पडतं आणि कुणी मरत नाही.

आणि टाकी घेण्याच्या आधी एक काम करा. रत्नागिरी, मालवण, रेडी इथे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जिवंत प्रवाळ असल्याची नोंद शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. उधाणाच्या दिवशी, अमावास्येला किंवा पौर्णिमेला, समुद्र जास्तीत जास्त मागे हटतो. त्या ओहोटीला एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन खडकांवर जा. डबक्यात हात न घालता, दगडावर पाय न देता, नुसते वाकून बघा. सूर्य वर असेल तर पाण्यातून उजेड खाली उतरलेला दिसेल आणि तो कुणाकुणाच्या कामी येतो आहे तेही दिसेल. भरतीची वेळ झाली की हातात काहीही न घेता घरी परत या.